गळ टाकला की गळ घातली?

प्रश्न : ‘स्टिंग ऑपरेशन’ला ‘सापळा’ म्हणतात हे बातम्यांमुळे माहीत आहे. पण ‘एन्ट्रॅपमेंट’लाही सापळाच म्हणायचं का? एका अनुवादात अडलोय.

— सापळाच की. ‘बनावट ग्राहक पाठवून सापळा रचला’ हे वाक्य तर ठरलेलं.

— नाही हो, इथेच घोळ होतो. सापळ्यात उंदीर आपल्या पायांनी येतो. आपल्याकडे लाचेच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात. नोटा घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी. (‘रंगेहाथ’ इतका शब्दशः क्वचितच खरा ठरत असेल.) पण लाच त्याने आधीच मागितलेली असते, सापळा नंतर लागतो. एन्ट्रॅपमेंटमध्ये मनात नसलेला गुन्हा पोलीसच डोक्यात भरवतात.

अमेरिकेतला १९५८चा शर्मन खटला बघा. अमली पदार्थांच्या व्यसनावरच्या उपचारासाठी दोघं एकाच डॉक्टरकडे जायचे. त्यातला एक सरकारी खबऱ्या. ‘मला उपचार लागू पडत नाहीत, कुठून तरी माल मिळवून दे’ असा त्याने धोशा लावला. शर्मनने आधी टाळलं, शेवटी आणून दिलं. त्याला पूर्वी शिक्षा झालेल्या होत्या, तरी सुप्रीम कोर्टाने त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला.

आता मराठीची गंमत. गळ टाकला, म्हणजे माशाची वाट बघत बसला. गळ घातली, म्हणजे विनवण्या करून पिच्छा पुरवला. लिंगसुद्धा बदललं! त्या खबऱ्याने गळ टाकला नव्हता, घातली होती.

— झकास. पण ‘गळ घालणे’ परिभाषेत कसं चालेल? उसने पैसे मागितल्यासारखं वाटतं. ‘तोतयेगिरी’?

— तोतया पोलीस म्हणजे पोलीस नसून पोलीस म्हणवणारा. ग्राहक बनलेल्या पोलिसाला तोतया कुणी म्हणत नाही. ‘साध्या वेशातला’ही अपुरा, त्याने गणवेश उतरवलाय एवढंच कळतं, तो खोटं बोलतोय हे नाही. नाम हवं तर ‘फूस’ घ्या. फूस लावली म्हटलं की पुढाकार कुणाचा ते आपोआप येतं. ‘चिथावणी’ नको, तिला रागाचा वास आहे. ‘फशी पाडणे’ जवळचं, पण त्यात फसणाऱ्याचं नुकसान दिसतं, त्याचा गुन्हा दिसत नाही.

— ‘फूस’ घेतो, सापळा स्टिंगसाठी राखतो. आणि आरोपीच्या वकिलाच्या तोंडी टाकतो : ‘साहेब, माझ्या अशिलाला सतरांदा गळ घातली.’