औषधं स्वस्त करायची तर सरकारनंच ठोक खरेदी करावी का?

कोरा_चहा
आईला शुगर आणि बीपी, महिन्याचं मेडिकलचं बिल 1800च्या घरात. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत सगळं मोफत आहे ना, म्हणून गेल्या महिन्यात तिला तिथे नेलं, तर चारपैकी दोन गोळ्या मिळाल्या आणि बाकी दोनसाठी हातात तीच ती "बाहेरून आणा"ची चिठ्ठी. तमिळनाडूत 1995 पासून एक महामंडळ अख्ख्या सरकारी यंत्रणेची औषधं एकगठ्ठा घेतं, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, दवाखान्याला बँकेसारखं पासबुक, खात्यात रक्कम आहे तोवर लागेल ते उचला. राजस्थाननं 2011 मध्ये तोच कित्ता गिरवला. आपण काय केलं, 2017 मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी कंपनीकडे दिली, 2023 मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं. पाट्या बदलल्या, चिठ्ठी तीच.

गोळीमास्तर
मेडिकल चालवतो, आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी काढायला नको. सरकारी खरेदी म्हणजे सगळ्यात कमी भाववाल्याला टेंडर. नागपूरकडे सरकारी दवाखान्यात बनावट अँटिबायोटिक गेल्या त्या विसरलात का, गोळीत औषधच नव्हतं, टाल्कम पावडर होती म्हणे. असली फुकटची गोळी आईला देणार का तुम्ही?

कोरा_चहा
नाही देणार. पण तमिळनाडूत बॅच आली की कंपनीचं नाव झाकून नमुने लॅबला जातात आणि रिपोर्ट येईपर्यंत माल गोदामातून हलत नाही. तेच तर म्हणतोय, टेंडर सगळेच काढतात हो, पुढचं कोण करतं.

रेघोट्या
डॉक्टर आहे (नावावरून कळलंच असेल). जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहा म्हणून आमच्याच मागे लागतात सगळे. ऑगस्ट 2023 मध्ये मेडिकल कमिशननं तसा नियम आणला आणि त्याच महिन्यात स्थगित केला, बरंच झालं. मी ब्रँड नाही लिहिला तर कंपनी कोण ठरवणार? काउंटरवरचा माणूस. म्हणजे एमआर (कंपनीचा औषधं खपवणारा माणूस) माझ्या केबिनमधून उठून मास्तरांच्या दुकानात जाऊन बसेल, पेशंटला काय फरक पडला?

गोळीमास्तर
आमच्याकडे एमआर येतच नाहीत असं वाटतंय का तुम्हाला :)

वरण_भात
मास्तर, एक खरं सांगा. शेड्यूलमधल्या, म्हणजे सरकार कमाल किंमत ठरवतं त्या यादीतल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला 16 टक्के धरतात ते माहितीये. पण छापील 100 रुपये असलेलं जेनेरिकचं पाकीट तुम्हाला पडतं कितीला?

गोळीमास्तर
20-25 ला पडणारा माल आहे, खोटं कशाला बोलू. पण तेच पाकीट 50 ला दिलं की गिऱ्हाईक उलटसुलट करून बघतं, म्हणतं एवढं स्वस्त म्हणजे डुप्लिकेट असणार, आणि समोरच्या दुकानात जाऊन ब्रँडवालं 110 ला घेतं. लोकांना स्वस्त पाहिजे पण स्वस्त दिसायला नको.

वरण_भात
मग 100 छापूच कशाला देतात? 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानं कमाल किंमत ठरते कशी, तर ज्यांचा बाजारात किमान एक टक्का हिस्सा आहे त्या ब्रँडांची सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे 16 टक्के. गोळी बनवायला खर्च किती येतो हे कोणी विचारतच नाही. यादीबाहेरची औषधं तर वर्षाला 10 टक्के वाढवायला मोकळी. फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटला (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी) दट्ट्या लावला तेव्हा औषधवाला स्टेंट 29,600 वर आलाच की नाही? ठोक खरेदी करा नाहीतर नका करू, आधी छापील किंमत आवळा.

रेघोट्या
स्टेंट उतरला, पण वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा पॅकेज काही उतरलं नव्हतं, बाकीच्या रकान्यांत बरोबर भरून काढलं होतं. आणि फार आवळलं तर कंपनी ते औषध बनवायचंच सोडते, मग घ्या सरकारी दरात रिकामं कपाट.

कोरा_चहा
डॉक्टर, कपाट आत्ता तरी कुठे भरलंय. राज्यानं स्वतः घेतलं, तपासलं आणि दवाखान्यात ठेवलं तर छापील किंमत 100 असो की 500, आईला काय करायचंय त्याचं.
बाकी मास्तर, व्यनि (खासगी निरोप) करतोय. त्या दोन गोळ्या 50 च्या हिशोबात बसतात का बघा, डुप्लिकेट नाही म्हणणार.