टेक्सासचा पिस्तूल-परवाना: उरलेल्या अटींना काही अर्थ आहे का?

निवडुंग (ह्यूस्टन)

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून हँडगन कमरेला लावून फिरायला परवाना लागत नाही. तरी परवाना बंद झालेला नाही, ज्याला हवा त्याने काढावा. १९९६ पासून तो 'कन्सील्ड हँडगन लायसन्स' होता, २०१६ मध्ये उघड बाळगायलाही मुभा मिळाली आणि त्याचं 'लायसन्स टू कॅरी' झालं.

अटी थोडक्यात सांगतो. कायद्यात लिहिलेलं वय २१ पूर्ण, सहा महिने राज्यात वास्तव्य, बोटांचे ठसे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नको. 'क्लास ए' किंवा 'क्लास बी'चा किरकोळ गुन्हा गेल्या पाच वर्षांतला नको. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा शिक्षा झाली तरी ती 'क्लास बी'तच मोडते, हे आपल्या पार्टीबहाद्दरांनी लक्षात ठेवावं. कौटुंबिक हिंसाचारातून आलेला संरक्षण-आदेश अंगावर नको. कर थकलेला नको. आणि हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं: घटस्फोटानंतर मुलांच्या खर्चाचे पैसे थकवले असतील तरी परवाना नाही.

ही सगळी तुमच्या मागच्या कागदपत्रांची चौकशी झाली. हातात पिस्तूल धरता येतं का, हे बघणारी अट एकच. चार ते सहा तासांचा वर्ग (तोही आता ऑनलाइन चालतो), लेखी परीक्षा आणि रेंजवर ५० गोळ्या. तीन यार्डांवरून २०, सात यार्डांवरून २०, पंधरा यार्डांवरून १०. एका गोळीला जास्तीत जास्त पाच गुण, एकूण २५०, पास व्हायला १७५.

आता हिशोब करा. पहिल्या ४० गोळ्या नीट बसल्या की झाले २०० गुण. म्हणजे पंधरा यार्डांवरच्या दहाच्या दहा गोळ्या टारगेटच्या बाहेर गेल्या तरी तुम्ही पास! तीन यार्ड म्हणजे नऊ फूट, आपल्या हॉलमधल्या सोफ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर. नूतनीकरणाला तर २०१३ पासून वर्ग नाही आणि रेंजही नाही.

माझं मत: परवाना पुन्हा सक्तीचा करा, परीक्षा कडक करा आणि दर नूतनीकरणाला रेंजवर उभं करा. या यादीत खऱ्या अर्थाने उपयोगाची अट तेवढीच होती आणि नेमकी तीच सरकारने ऐच्छिक करून टाकली. आता हाणा.

डॅलसकर

काडी टाकलीच आहे तर घ्या.

हा परवाना आला कुठून, ते सोयीस्करपणे गाळलंत. १६ ऑक्टोबर १९९१, किलीन गावातलं 'लूबीज' कॅफेटेरिया. एकाने ट्रक काच फोडून आत घातला आणि २३ माणसं मारली. सुझाना हप्प तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्याने ते पर्समध्ये ठेवणं गुन्हा होता. आईवडील दोघंही तिथेच गेले. पुढे त्या विधानसभांमध्ये जाऊन साक्ष देत राहिल्या, स्वतः आमदार झाल्या. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये या विषयावरचं विधेयक नाकारलं, १९९४ ची निवडणूक जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी जिंकली आणि १९९५ मध्ये परवान्याच्या कायद्यावर सही केली. 'लूबीज'मधला मारेकरी कुठल्या अटीत बसत होता? कायदा पाळणारी बाईच तेवढी निःशस्त्र राहिली.

दुसरं. घटनेने दिलेल्या हक्काला परीक्षा कसली? दक्षिणेतल्या राज्यांत मतदानालाही वाचन-लेखनाची परीक्षा घेत होते, ती कोणाला गाळायला हे सांगायला नको. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर १९५६ मध्ये बॉम्ब टाकला गेला, त्यांनी अलाबामात शस्त्र बाळगायचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. तुमची 'कडक परीक्षा' घेणारा माणूस उद्या कोण असेल, याचा विचार केलात?

आणि पैसा. २०१७ पर्यंत नुसती सरकारी फी १४० डॉलर होती. आता ४० आहे, पण वर्गाची फी, रेंज, गोळ्या आणि कामावरचा बुडलेला दिवस धरा. रात्रपाळीला पेट्रोलपंपावर एकटा बसणारा माणूस हे कुठून आणणार? त्याला धोका तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शतकी धाग्याला आगाऊ शुभेच्छा.

निवडुंग

@डॅलसकर, मतदानाचं उदाहरण ऐकायला बरं वाटतं, पण मतपत्रिका चुकून शेजारच्या अपार्टमेंटमध्ये जात नाही. इथल्या भिंती ड्रायवॉलच्या आहेत, गोळी आरपार जाते.

किंग यांचा मुद्दा मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे. तिथे अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना होता. टेक्सासचा कायदा पहिल्या दिवसापासून तसा नाही: अटी पुऱ्या केल्या की परवाना द्यावाच लागतो. न्यूयॉर्कमध्ये 'तुम्हाला खास गरज का' हे सिद्ध करावं लागायचं, ते सुप्रीम कोर्टाने जून २०२२ मध्ये 'ब्रुएन' खटल्यात मोडीत काढलं. माझी मागणी मर्जीची नाही. सगळ्यांना एकच टारगेट, एकच गुणपत्रक. फीचं म्हणाल तर ती शून्य करा, माझी काहीच हरकत नाही.

कलमबहाद्दर

एक गल्लत दुरुस्त करतो. परवाना ऐच्छिक झाला म्हणजे सगळ्यांना रान मोकळं झालं, असं नाही. विनापरवाना बाळगायलाही २१ वय लिहिलेलं आहे (१८ ते २० वयाच्यांना त्यातून वगळणं घटनाबाह्य आहे, असं फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये ठरवलं). गंभीर गुन्हेगारांना बंदी आहेच. मारहाण, जीवघेणी धमकी असले काही गुन्हे गेल्या पाच वर्षांतले असतील तरी बंदी.

पण दोन याद्या एकच नाहीत, आणि गंमत तिथे आहे. कर थकवलेल्याला परवाना मिळत नाही, मात्र तोच माणूस परवान्याशिवाय पिस्तूल लावून फिरू शकतो. म्हणजे 'तुमच्यावर विश्वास नाही' असं ज्याला सरकार लेखी कळवतं, त्याला रस्त्यावर अडवत नाही. कुणी कितीही बाजू घेतली तरी हे तर्कात बसत नाही.

परवान्याचे फायदे शिल्लक आहेत: इतर अनेक राज्यांत तो चालतो, दुकानातून बंदूक घेताना लगेचची फेडरल तपासणी टळते, सरकारी विद्यापीठांच्या आवारात लपवून नेता येतं, आणि शाळेच्या हजार फुटांच्या आतला फेडरल नियम परवानाधारकाला लागत नाही. मुलाला शाळेत सोडायला जाणाऱ्या विनापरवानाधारकांपैकी किती जणांना हे शेवटचं माहीत असेल?

बेंचवरचा

भाबडा प्रश्न. मी एच-वन-बीवर आहे. आमचं काय?

कलमबहाद्दर

@बेंचवरचा, ग्रीनकार्डवाल्याला सहसा अडचण नाही. तुमच्यासारख्या व्हिसावाल्याला मात्र फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे, आणि टेक्सासच्या परवान्याची एक अट 'फेडरल कायद्याने हँडगन घ्यायला पात्र' अशीच आहे. याला अपवाद आहे: कुठल्याही राज्याचा वैध शिकारीचा परवाना असेल तर ती बंदी लागू होत नाही. हो, हरणं मारायचा परवाना. मित्राची बंदूक 'जरा धरून बघतो' म्हणत रेंजवर फोटो काढणाऱ्यांनी हे आधी वाचावं आणि मग वकिलाला विचारावं. मी वकील नाही.

डॅलसकर

बघा! शिकारीच्या परवान्याची मुदत संपली की तोच माणूस रातोरात गुन्हेगार. अटींचं जंगल वाढवलं की असलेच विनोद होतात. आणि निवडुंगसाहेबांना अजून अटी हव्यात.

माधवी_केटी

मी इस्पितळात काम करते, त्यामुळे माझा आक्षेप तिसऱ्याच टोकाचा आहे. तुम्ही दोघंही रेंजवर अडकलात.

या यादीत मानसिक आजारांचं कलम आहे. व्यसनासाठी गेल्या पाच वर्षांत केंद्रात राहून उपचार घेतले असतील, तर तो माणूस योग्य निर्णय घेऊ शकत नाही याचा तो पुरावा धरला जाऊ शकतो. आता दोन माणसं समोर ठेवा. एक रोज रात्री अर्धी बाटली संपवतो, कधी पकडला गेला नाही, डॉक्टरकडे गेला नाही. त्याचा अर्ज स्वच्छ. दुसऱ्याने बायकोचं ऐकलं, महिनाभर केंद्रात राहिला, दारू सोडली. त्याच्या अर्जावर प्रश्नचिन्ह. दोघांपैकी कोणाच्या कमरेला पिस्तूल पाहून मला जास्त भीती वाटेल?

असल्या अटींमुळे बंदूक सोडायला नको म्हणून लोक उपचारच टाळतात. हे मी ऐकीव सांगत नाही, रुग्णांच्या बायका तोंडावर बोलतात. अट असू नये असं मी म्हणत नाही. पण ती उपचारावर नको, वागण्यावर हवी.

सातारी बाणा

अहो, तुमच्याकडे निदान यादी तरी छापील आहे. इथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अर्ज करा आणि जिवाला धोका आहे हे पटवत बसा. पोलीस ठाण्याचा अहवाल, मग जिल्हाधिकारी नाहीतर आयुक्त, आणि वर्ष जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. तरी बरं, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांना त्याच दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद ठेवलीय. मला विचाराल तर आमचंच बरं. ज्याला गरज आहे त्यालाच मिळावं.

डॅलसकर

@सातारी बाणा, 'गरज आहे' हे ठरवणार कोण? आमच्या तालुक्यात परवाने कोणाकडे होते ते मला ठाऊक आहे: साखर कारखान्याचे संचालक आणि त्यांचे पाव्हणे. रात्री एकट्याने उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याकडे काठी आणि बॅटरी. याच कारणासाठी मला अधिकाऱ्याची मर्जी नको.

आणि अटींवरच सगळं अवलंबून असतं असं मानणाऱ्यांसाठी सदरलँड स्प्रिंग्ज. नोव्हेंबर २०१७, बाप्टिस्ट चर्च, २६ मृत्यू. त्या मारेकऱ्याला टेक्सासने हाच परवाना नाकारला होता. तरी बंदूक त्याने दुकानातून रीतसर विकत घेतली, कारण त्याची शिक्षा हवाई दलाने फेडरल नोंदीत कळवलीच नव्हती. शेवटी त्याच्यावर गोळ्या झाडल्या त्या शेजारच्या नागरिकाने, स्वतःच्या रायफलने. फोर्ट वर्थजवळच्या व्हाइट सेटलमेंटमध्येही डिसेंबर २०१९ मध्ये चर्चच्या स्वयंसेवकानेच सहा सेकंदांत प्रकार थांबवला.

निवडुंग

@डॅलसकर, माझंच काम केलंत. व्हाइट सेटलमेंटचा तो स्वयंसेवक स्वतः नेमबाजीचा प्रशिक्षक आणि पूर्वीचा राखीव पोलीस होता. सदरलँड स्प्रिंग्जचा शेजारीही प्रशिक्षक. तुमचे दोन्ही नायक माझ्या कडक परीक्षेत डोळे मिटून पास झाले असते! त्याच व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये सुरक्षा-पथकातल्या दुसऱ्या एकाने पिस्तूल काढायचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला, हेही लिहा की.

आणि सदरलँड स्प्रिंग्जमध्ये परवान्याच्या चाळणीने माणूस बरोबर ओळखला होता, चुकली ती दुकानातली चाळणी. त्यावरून पहिली चाळणी फेकून द्यायची?

डॅलसकर

शेजाऱ्याने प्रशिक्षण स्वखुशीने घेतलं होतं, सरकारने सक्ती केली म्हणून नाही. आणि सार्वजनिक सुरक्षा खातं दरवर्षी गुन्ह्यांतल्या शिक्षांचे आकडे छापतं. त्यात परवानाधारकांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो.

माधवी_केटी

अहो डॅलसकर, हे आकडे परवानाधारकांचे आहेत! अटी पार करून आलेल्यांचे. विनापरवाना फिरणाऱ्यांचे तुम्ही कुठून मोजणार? हा आकडा अटींच्या बाजूने बोलतोय, तुमच्या नव्हे.

डॅलसकर

किंवा जे मुळातच सरळ आहेत तेच रांगेत उभे राहतात. दोन्ही अर्थ निघतात.

वाचनमात्र

मध्येच एक व्यावहारिक शंका. आमच्या देवळाच्या समितीत शस्त्रबंदीची पाटी लावायची की नाही यावरून दोन गट पडलेत. २०१९ पासून प्रार्थनास्थळांतली बंदी गेली म्हणतात. हे खरं का?

कलमबहाद्दर

खरं आहे. पाटी लावली नाही तर गणपतीच्या आरतीला कोणीही परवानाधारक पिस्तूल लावून येऊ शकतो. बंदी हवी असेल तर पाटीचा मजकूर कायद्यात दिलेला आहे तसाच लागतो: इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, निदान एक इंच उंचीची ठळक अक्षरं, पार्श्वभूमीपेक्षा वेगळा रंग, दारातच दिसेल अशी. लपवून नेणाऱ्यांसाठी एक, उघड बाळगणाऱ्यांसाठी दुसरी आणि विनापरवाना येणाऱ्यांसाठी तिसरी. 'कृपया शस्त्रे आणू नयेत' असं मराठीत लिहून चिकटवलेला कागद परवानाधारकाला बांधील नाही.

वाचनमात्र

तीन पाट्या? इथे चपलांच्या एका पाटीवर एकमत व्हायला समितीच्या दोन बैठका लागल्या होत्या.