मदत हवी आहे: आईची शुगर, बीपी, थायरॉईड आणि दवाखान्याचा खर्च

रानफूल:
आईला शुगर, बीपी, थायरॉईड, वर गुडघे. रोजानं खुरपायला जाते. दवाखान्यात गेलं की रोज बुडतो. फी, गोळ्या, रक्त-लघवी वेगळंच. म्हणून गोळी एक दिवसाआड घेते, चक्कर आली तरच डॉक्टरांकडे जाते. मग ते रागावतात, की पुढच्या वेळी आणखी टाळते. काय करू? लवकर सांगा.

माळरान:
महात्मा फुले योजनेत बसवा. सगळं फुकट.

सुलूताई:
चुकीचं सांगू नका. ती योजना ॲडमिट झाल्यावरची. दर महिन्याच्या गोळ्या त्यात मिळत नाहीत. रानफूल, गाव कुठलं? सरकारी दवाखाना किती लांब?

जुनं_खोड:
आमचे फॅमिली डॉक्टर नाडी धरून सांगायचे. उधारी वहीत. आता पहिल्यांदा टेस्ट.

माळरान:
मेथीदाणे भिजवून द्या, माझ्या सासूबाईंची गोळी सुटली.

औषधवाला:
आधीच एक दिवसाआड गोळी घेतात, त्यात अजून सोडायला सांगताय? रानफूल, गोळ्यांची नावं टाका. गुडघ्यासाठी काय घेतात?

रानफूल:
जुन्नर तालुका. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, थायरॉईडची पन्नासची. गुडघ्याला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक. रोजच. नाहीतर खाली बसवत नाही. डॉक्टरांना हे माहीत नाही.

औषधवाला:
ती आधी बंद करा. शुगर-बीपीवाल्याच्या किडनीला रोजची डायक्लोफिनॅक फार वाईट, बीपीही वाढवते. डॉक्टरांना सांगून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. तोवर दुखलं तर पॅरासिटामॉल. थायरॉईडची उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी.

सुलूताई:
ग्रामीण रुग्णालयात जा. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध मोफत आहे. शुगर-बीपीची ओपीडी वेगळी असते, गोळ्या सहसा महिन्याच्या मिळतात. वार आशाताईंना विचारा, म्हणजे एकाच खाड्यात सगळं उरकेल. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, डायक्लोफिनॅकसुद्धा.

जुनं_खोड:
तिथं रांगेत दुपार होते. शिवाय गोळ्या संपल्यात म्हणतात.

सुलूताई:
संपल्या तर जनऔषधीतून घ्या, बाहेरच्या मानानं बऱ्याच स्वस्त पडतात. पण रोज घ्या.

रानफूल:
कार्ड केशरी आहे, चालेल का? आणि थायरॉईडची तपासणी तिथं होते का?

सुलूताई:
केसपेपरला कार्डाचा रंग बघत नाहीत. थायरॉईडचं तिथल्या लॅबमध्ये विचारा.