जड टूररचा साइड स्टँड: गाडी जास्त कलते, काय तपासू?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी. सहा सिलिंडरची मोठी टूरर, म्हणजे लांब प्रवासाची मोटरसायकल, सेकंडहँड घेतली आहे. रिकामी असतानाच वजन ३५० किलोच्या वर, त्यात दोन्ही पॅनियर (बाजूच्या पेट्या) आणि टॉप बॉक्स (सीटमागची पेटी) भरला की विचारायलाच नको. इंजिन, ब्रेक, टायर सगळं झकास आहे. फक्त साइड स्टँडवर लावली की डावीकडे जरा जास्तच कलते. शेजारी त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी करून पाहिली, फरक सरळ दिसतो.

स्टँडच बदलावा लागेल का? मऊ जमिनीसाठी खाली रुंद प्लेट लावतात, ती घ्यावी का? आणि मागे बसणाऱ्याने गाडी स्टँडवर असतानाच चढलं तर चालतं का? ग्रीसबद्दलही सांगा, कुठलं आणि कधी.

तेलकट_हात

लगेच स्टँड विकत घेऊ नका. आधी गाडी थंड असताना मेन स्टँडवर घ्या, साइड स्टँड खाली काढा, त्याचं टोक मुठीत धरा आणि आतबाहेर, वरखाली हलवून बघा. बोटांना 'टक' असं जाणवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. तो पिव्हट बोल्ट (ज्याभोवती स्टँड फिरतो तो) सैल झाल्यामुळे असू शकतो किंवा बोल्टचं भोक आणि त्यातली नळी, म्हणजे बुश, झिजल्यामुळे. टोकाशी जाणवणारा प्ले पिव्हटपाशी अगदी किरकोळ असतो. तिथली केसभर झीज स्टँडच्या लांबीमुळे खाली बोटभर दिसते, आणि गाडी तेवढीच जास्त कलते.

प्ले नसेल तर स्टॉपर बघा. स्टँड पुढे जाऊन जिथे थांबतो ती ठोकळ्यासारखी जागा. गाडीचा भार वर्षानुवर्षं तिथे बसून लोखंड दबतं, कडा पसरते. मग स्टँड थोडा जास्त पुढे जातो, त्याचं टोक वर उचललं जातं आणि स्टँड जणू आखूड होतो. टॉर्च घेऊन ब्रॅकेटही बघा. वेल्डच्या कडेला रंग फुटून गंजाची बारीक रेघ उमटली असेल, तर ती तडा समजा आणि गाडी त्या स्टँडवर लावणं त्या क्षणापासून बंद. तिथे वरवर वेल्ड मारून घेण्याच्या फंदात पडू नका, ब्रॅकेट बदला.

हे सगळं ठीक निघालं तर शेवटचा संशय मागच्या सस्पेन्शनवर, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. आधीच्या मालकाने सामान आणि मागे माणूस धरून प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) चढवून ठेवलेला असेल, तर रिकामी गाडी उंच उभी राहते. स्टँडची लांबी तीच, म्हणून गाडी जास्त कलते. प्रीलोड उतरवा आणि पुन्हा बघा. उलटंही होतं: गाडी खाली घेणारे लिंक बसवले आणि स्टँड मूळचाच ठेवला, तर गाडी इतकी सरळ उभी राहते की वाऱ्याच्या झोताने उजवीकडे जाईल.

नुसत्या नजरेने ठरवू नका. गाडी सपाट काँक्रीटवर लावा, फोनमधलं लेव्हल ॲप उघडा, फोन थंड असलेल्या मागच्या डिस्कला टेकवा आणि कोन लिहून ठेवा. प्रत्येक बदलानंतर तोच कोन त्याच जागी मोजा. दोष कुठे आहे ते आपोआप कळेल.

पिव्हट बोल्ट सैल निघाला तर आधी बोल्ट आवळा, स्टँड मोकळा फिरतो ना ते बघा, मग बोल्ट पान्याने धरून ठेवून लॉकनट आवळा. बोल्टचा आणि नटचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, वेगवेगळा असू शकतो. तुमच्या मॉडेलचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. बोल्ट जोर लावून करकचून आवळला तर स्टँड अर्धवट उघडून अडकतो, आणि अर्धवट उघडलेला स्टँड म्हणजे गाडी पडलीच.

ग्रीस: पाण्याला टिकणारं लिथियमचं किंवा मॉलीचं. नुसतं वरून फासून उपयोग नाही. बोल्ट काढायचा, जुनं वाळूमिश्रित ग्रीस पुसायचं, मग नवीन. एरवी ऑइल बदलताना एकदा, आणि पावसातून किंवा समुद्राकाठून लांबची ट्रिप झाली की आल्यावर लगेच. गंज सोडवणारा पातळ स्प्रे पिव्हटवर मारू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. प्रेशरने गाडी धुणारेही नेमका तिथेच फवारा धरतात. त्यांना आधी सांगून ठेवा.

सावकाश_जा

तेलकट_हात यांनी लोखंडाचं सगळं सांगितलं, मी जमिनीचं सांगते. जड गाड्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यात स्टँड मोडून पडलेली क्वचितच. बहुतेक जागा चुकल्यामुळे पडतात.

इंजिन बंद करण्याआधी जागा बघा. तोंड चढाकडे असावं. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकते, स्टँड मागे दुमडतो आणि विषय संपतो. शिवाय निघताना एवढी गाडी चढावर मागे ढकलायची कुणी? ज्या गाड्यांना रिव्हर्स आहे त्यांचं ठीक. आडवा उतार असेल तर डावी बाजू खाली असताना गाडी खूप कलते आणि उचलताना कमरेचा जीव जातो. उजवी बाजू खाली असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. हे दुसरं जास्त वाईट, कारण उजवीकडे तिला धरायला काहीच नाही.

गाडी पहिल्या गिअरमध्ये बंद करा, न्यूट्रलमध्ये नाही. क्लच सोडा, गाडी अलगद सरकू द्या, गिअरने धरलं की थांबेल. मग टाचेने स्टँड पुढे ढकला, आणि त्याच पायाने एकदा पुढे दाबून बघा, पूर्ण बसला की नाही. हँडल डावीकडे पूर्ण वळवा आणि मगच भार सोडा. तुमची गाडी डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर इंजिन बंद झाल्यावर गिअर धरून ठेवत नाही, पार्किंग ब्रेकचा लिव्हर ओढावाच लागतो. चढउतारावर इतर गाड्यांसाठीही पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला वेल्क्रोचा पट्टा गुंडाळून ठेवलेला बरा.

प्लेट घ्या, पण मोठी दिसते म्हणून घेऊ नका. ज्या स्टँडचा पाय छोटा आहे तो उन्हात तापलेल्या डांबरात शिरतो. फसवं एवढ्यासाठी की सावकाश शिरतो. उभी करताना ठणठणीत वाटते आणि तासाभराने गाडी झोपलेली असते. जागेवर इतर गाड्यांच्या स्टँडचे खड्डे दिसले तर तिथे प्लेटनेही भागेल असं धरू नका. खिशात सुटी चकती ठेवा, दोरी बांधलेली, म्हणजे गाडीवर बसल्यावर ओढून घेता येते. खडीवर आधी बुटाने वरची खडी बाजूला सारा, खालची घट्ट जमीन लागू द्या.

तेलकट_हात

सुट्या चकतीला पूर्ण अनुमोदन. स्टँडलाच कायमची बोल्टने बसवायची जाड स्टीलची प्लेट मी टाळतो. स्टँडच्या टोकाला वजन वाढलं की खड्ड्यात स्टँड खाली उसळतो. स्प्रिंग थकलेली असेल तर साइड स्टँडचा स्विच क्षणभर सुटतो आणि चालत्या गाडीचं इंजिन फटकन बंद पडतं. लोक मग इंधन पंप, बॅटरी, वायरिंग सगळं उलटंपालटं करतात. प्लेट हवीच असेल तर हलकी ॲल्युमिनियमची घ्या, आणि डावीकडे गाडी पूर्ण झुकवल्यावर ती जमिनीला घासणार नाही हे बघा.

स्विचची परीक्षा: गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा, स्टँड वर घ्या, क्लच दाबून पहिला गिअर टाका, क्लच दाबलेलाच ठेवून स्टँड खाली करा. इंजिन बंद पडलंच पाहिजे. नाही पडलं तर स्विच बदला. वायर जोडून बायपास करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खाली राहिलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकला तर मागचं चाक उचललं जातं.

मागची_सीट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण मी नेहमी मागेच बसते. गाडी स्टँडवर असताना चढू नये. डाव्या फूटपेगवर उभं राहिलं की आपलं सगळं वजन स्टँडच्याच बाजूला, गाडीच्या बाहेर येतं. बीएमडब्ल्यूच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं असतं की साइड स्टँड फक्त गाडीचं वजन पेलण्यासाठी आहे, तो उघडा असताना गाडीवर बसू नका.

आमची पद्धत अशी: चालवणारा बसतो, गाडी सरळ करतो, स्टँड वर, दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले, पुढचा ब्रेक दाबलेला. तो 'ये' म्हणेपर्यंत मी हात लावत नाही. मग डावा हात त्याच्या डाव्या खांद्यावर, पाय पेगवर, आणि शरीर गाडीच्या मध्याकडे झुकवून एका दमात वर. उतरताना आधी मी, मग स्टँड. उंची कमी असेल आणि टॉप बॉक्सवरून पाय जात नसेल, तर गाडी पायरीच्या किंवा फुटपाथच्या कडेला घ्यायला सांगा, पाय फार उचलावा लागत नाही.

लांबपल्ला

खूप आभार. तपासलं. प्ले नाही, ब्रॅकेट स्वच्छ, पण प्रीलोड पार वरच्या टोकाला होता. उतरवल्यावर कोन बराच कमी झाला. स्टॉपरची कडा थोडी पसरली आहे, ते मेकॅनिककडे दाखवेन. बाहेरची स्प्रिंग गंजली आहे, आत अजून एक आहे. दोन्ही बदलू? आणि कशा बसवायच्या? हाताने तर इंचभरही ताणत नाही. प्रीलोड आता कमी आहे, तर सामान भरल्यावर काय करायचं?

तेलकट_हात

दोन्ही एकदमच बदला. आतली वेगळी दिली आहे ती एक तुटली तरी स्टँड लोंबकळू नये म्हणून. जुन्या काढण्याआधी हुकांचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो घ्या. नव्या स्प्रिंगला व्हाइसमध्ये धरा, एका बाजूला वाकवा, उघडलेल्या प्रत्येक फटीत एकेक वॉशर सरकवा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तसंच करा. स्प्रिंग लांब होऊन तशीच राहते आणि हुक सहज अडकतात. मग स्टँड वरखाली केला की मधल्या ताणात वॉशर गळून पडतात. चष्मा लावा आणि चेहरा स्प्रिंगच्या रेषेत आणू नका.

सावकाश_जा

सामानाचं माझ्याकडून. प्रीलोड सामानाप्रमाणे चढवा. न चढवता भरली तर गाडी खाली बसते, स्टँडवर सरळ होते आणि उजवीकडे झुकायला तयार असते. पॅनियर काढतानाही क्रम पाळा: आधी उजवा, मग डावा. डावा आधी काढला तर भरलेला उजवा गाडीला स्टँडवरून उचलतो. भरताना उलट, आधी डावा. टॉप बॉक्स सगळ्यात शेवटी भरा आणि सगळ्यात आधी रिकामा करा.

बोटीवरून गाडी न्यायची असेल तर साइड स्टँडवरच, गिअरमध्ये, पट्टे दोन्ही बाजूंनी आवळून. मेन स्टँडवर लावू नका. पट्टा आणि सीट यांच्यामध्ये जुना टॉवेल घाला, आणि बोट निघायच्या आधी पट्टे स्वतः हात लावून ताणून बघा.