बोधिधर्म आणि वंशावळीतले पाहुणे

बोधिधर्म हा बौद्ध भिक्षू दक्षिण भारतातून चीनला गेला आणि त्यानेच तिथल्या शाओलिन मठाला कुंग फू शिकवलं, म्हणजे मूळ परंपरा आपलीच, असं एकाने लिहिलंय. अभिमान समजतो, पण पुरावा नाही. शाओलिनच्या 728 सालच्या शिलालेखात भिक्षूंनी ली शिमिनला (पुढे तांग घराण्याचा सम्राट झालेला) लढाईत मदत केल्याचा उल्लेख आहे, तिथे बोधिधर्माला युद्धविद्येचं श्रेय दिलेलं नाही. सतराव्या शतकात चंग झोंगयौने शाओलिनच्या काठीविद्येवर पुस्तक लिहिलं, त्यातही काठीचा मूळपुरुष बौद्ध पुराणकथांमधला किन्नर देव आहे! बोधिधर्माला या क्षेत्रात आणलं ते 'यीजिनजिंग' या व्यायामग्रंथाने, तोही सतराव्या शतकातलाच.

आता या ग्रंथाची गंमत. त्याला दोन जुन्या सेनापतींच्या नावाने प्रस्तावना जोडल्या आहेत. पहिली, 628 सालची म्हणून दाखवलेली, ली जिंगची. ग्रंथ बोधिधर्मापासून हातोहात स्वतःपर्यंत कसा आला ते ली जिंग सांगतो, आणि या साखळीत शेवटचा गुरू कोण, तर तांग काळातल्या एका कथेतला दाढीवाला नायक. काल्पनिक पात्र! दुसरी प्रस्तावना न्यू गाओची, आणि त्यात तो स्वतःच म्हणतो की मला अक्षरओळख नाही. अठराव्या शतकातल्या लिंग टिंगकान या पंडिताने ही लबाडी तेव्हाच पकडली होती आणि लेखकाला अडाणी गावमास्तर ठरवलं होतं. तरीही ही वंशावळ आजतागायत छापली जाते. भिंतीवर फ्रेम करून लावली जाते ते वेगळंच.