सोसायटीच्या लिफ्टची जबाबदारी कोणाची: कमिटीची, कंपनीची की सरकारची?

घोडबंदरकर
कासारवडवलीतल्या आमच्या सोसायटीत (चौदा मजले, विंगला दोन लिफ्ट) परवाच्या सर्वसाधारण सभेत यावरून कडाक्याचं भांडण झालं. बी विंगची एक लिफ्ट बरेच दिवस मजल्याच्या लेव्हलला थांबत नाही, चांगली दोन बोटं खाली राहते. पाचव्या मजल्यावरच्या आजी बाहेर पडताना अडखळल्या आणि मनगट मोडलं. सेक्रेटरींचं उत्तर काय, तर "एएमसी (कंपनीशी वार्षिक देखभालीचं कंत्राट) आहे, दर महिन्याला मेकॅनिक येतो, आम्ही आणखी काय करायचं?"

मला हे अजिबात पटत नाही. लिफ्टची मालक सोसायटी आहे, लायसन्स सोसायटीच्या नावावर आहे, कंपनी आपण नेमलेली आहे. मशीन रूममधलं सर्व्हिस कार्ड मी वर जाऊन पाहिलं. प्रत्येक महिन्यापुढे वॉचमनची सही, आणि काय तपासलं तो रकाना कोरा. महाराष्ट्रात लिफ्टसाठी आधी 1939 चा कायदा होता, आता 2017 चा आहे. तपासणी विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडे. अपघात झाला तर निरीक्षकाला कळवणं मालकाचं काम. आजींच्या पडण्याबद्दल कोणी कळवलं? कोणीच नाही. शेवटची सरकारी तपासणी कधी झाली, तेही कमिटीत कोणाला सांगता आलं नाही.

खजिनदार, वर्तकनगर
कमिटीला झोडपणं सोपं आहे हो. कमिटीत असतं कोण? दिवसभर नोकरी करून रात्री नऊला मीटिंगला बसणारी माणसं, तीही बिनपगारी. ब्रेकचं लायनर (घासून पकड देणारी पट्टी) किती झिजलंय हे मला कसं कळणार? त्यासाठीच तर कंपनीला पैसे देतो.

आणि पैशाचं म्हणाल तर आमच्याकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसीचा ठराव आणला होता, म्हणजे सुटे भागही कंपनीच्याच खर्चाने. सभेने तो पाडला आणि स्वस्तातलं कंत्राट घ्यायला लावलं. आता साधा दाराचा सेन्सर बदलायचा तरी कोटेशन, मग मीटिंग, मग कुरकुर. तळमजल्यावरचे दरवेळी उठून म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का भरायचं? आदर्श उपविधीत स्वच्छ लिहिलंय की लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखा, वापरा किंवा वापरू नका. वाचून दाखवलं तरी तेच. पैसे देताना हात आखडायचा आणि अपघात झाला की कमिटी गुन्हेगार, हा कुठला न्याय?

नेरूळकर
दोघंही एकमेकांवर ढकलताय आणि सरकार सुटतंय. आमची सोसायटी नाही, 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन (फ्लॅटमालकांची संघटना) आहे, पण रडगाणं तेच. 10 सप्टेंबर 2023 ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीत लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. त्यानंतर तरी यंत्रणा जागी व्हायला हवी होती.

ऐरोलीचा लिफ्टवाला
बाळकुमची ती बांधकामावरची लिफ्ट होती, कामगारांना ने-आण करणारी. रहिवासी लिफ्टशी तिची गल्लत करू नका, घरोघरी भलतीच भीती पसरते.

मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. दोर तुटून लिफ्ट खाली पडेल ही लोकांची भीती, पण दोर एक नसतो, अनेक असतात, आणि वेग वाढला की गव्हर्नरमुळे (वेगावर नजर ठेवणाऱ्या यंत्रामुळे) केबिनचा सेफ्टी गिअर रुळांना पकडतो. काउंटरवेट (दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन) रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं, त्यामुळे ब्रेक निकामी झाला तर एकटा माणूस आत असलेली लिफ्ट खाली नाही, वर धावते. खरा धोका दाराचा. दाराच्या लॉकचा विजेचा कॉन्टॅक्ट बिघडला की लिफ्ट बंद पडते, आणि ती पडायलाच हवी. पण खालून फोनवर फोन, "आत्ता चालू करून द्या, घरी पाहुणे आलेत." मग कोणीतरी वायरचा जंपर टाकून तो कॉन्टॅक्ट वगळून जातो. झालं, आता दार उघडं असलं तरी लिफ्ट धावणार.

दुसरी गोष्ट म्हणजे लिफ्टचं दार बाहेरून उघडणारी ती त्रिकोणी चावी. निम्म्या सोसायट्यांत ती वॉचमनच्या टेबलावर पडलेली असते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की वॉचमन दार उघडतो आणि आतल्या माणसाला म्हणतो, मारा उडी. केबिनच्या खाली जी फट उरते तिच्यातून माणूस थेट पिटमध्ये (लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) जातो. अडकलेला माणूस केबिनमध्ये सुरक्षित असतो. मेन स्विच बंद करून, शिकलेल्या माणसाने ब्रेक सोडून केबिन मजल्याला आणेपर्यंत त्याला आतच थांबू द्या.

घोडबंदरकर, लेव्हल चुकणं हे ब्रेक झिजल्याचं असू शकतं, दोर ताणल्याचं किंवा सेन्सरचंही. ते शोधणं कंपनीचं काम, कमिटीचं नाही. पण एकेका मेकॅनिकच्या गळ्यात कंपनी इतक्या लिफ्ट बांधते की दर लिफ्टला त्याला वेळच उरत नाही. सही घेतो आणि पळतो.

खारघरची रहिवासी
आमच्याकडे तर लायसन्सही बिल्डरच्याच नावावर आहे, सोसायटीच झालेली नाही. तक्रार केली की म्हणतो, मेंटेनन्स भरा मग बघू. रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा) कायद्याच्या कलम 11 प्रमाणे रहिवाशांची संस्था ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा चालू ठेवणं बिल्डरचं काम आहे. आम्ही आता लेखी नोटीस देतोय.

घोडबंदरकर
खजिनदार, लायनर ओळखा असं मी म्हणतच नाही. लेव्हल चुकते हे दिसायला इंजिनिअर लागत नाही. दिसल्यावर लिफ्ट बंद करून पाटी लावायची आणि कंपनीकडून लेखी कारण मागायचं, एवढा अधिकार कमिटीलाच आहे, कंपनीला नाही. तोच वापरला नाही म्हणून माझा राग. सभासदांचं तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे, दुरुस्तीचा ठराव पाडणाऱ्यांची नावं इतिवृत्तात यायला हवीत.

खजिनदार, वर्तकनगर
बंद करा म्हणता. आमच्या विंगला एकच लिफ्ट आहे, आणि सातव्या मजल्यावरचे काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. त्यांना खाली कोणी आणायचं? तुमच्याकडे दोन आहेत म्हणून बोलायला सोपं जातं.

ऐरोलीचा लिफ्टवाला
काकांसाठी खुर्ची आणि चार माणसं आधीच ठरवून ठेवा, एक दिवसाचा प्रश्न असतो. जंपरवर चाललेल्या लिफ्टमधून त्यांना नेऊ नका.

घोडबंदरकर
पुढच्या सभेसाठी तीन ठराव लेखी दिलेत. कार्डावर सही कमिटी सदस्याची, तीही काम समोर बघून. त्रिकोणी चावी ऑफिसच्या कपाटात. आणि सरकारी तपासणीचा दाखला प्रत्येक लिफ्टच्या आत. खजिनदार, तुमच्या उपविधीतला खर्चाचा क्रमांक इथे टाका, तळमजल्यावाले आमच्याकडेही आहेत.