संख्याशास्त्रात संशोधन म्हणजे नक्की काय करतात?

तन्वी_टीवाय
मी टीवाय बीएस्सीला आहे, पुण्यातच, संख्याशास्त्र घेऊन. पुढे एमएस्सी आणि जमलं तर पीएचडी करायचीय. आजी विचारते, "सगळी सूत्रं पुस्तकात आहेत ना, मग शोधायचं काय राहिलं?" मला उत्तर देता येत नाही. इथे कोणी शिकवणारे आहेत का?

कोथरूडचा_विमावाला
मी एमएस्सी करून विम्याच्या कामाला लागलो, संशोधनाचं सांगता येणार नाही. पण वर्गात घोटून घेतलेली संभाव्यता रोज लागते. फळ्यापाशी मॅडम, तुम्ही शिकवता, तुम्हीच सांगा.

फळ्यापाशी
तन्वी, आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे. दर जूनमध्ये नव्या वर्गाला मी फळ्यावर हे घालते. डेक्कनच्या थांब्यावर बस ५ मिनिटांनी येते, मग १५ मिनिटांनी, परत ५, परत १५. सरासरी अंतर १०. तू कधीही जाऊन उभी राहिलीस तर सरासरी किती थांबशील? सगळा वर्ग म्हणतो ५. उत्तर आहे सव्वासहा. तासातली ४५ मिनिटं लांब अंतरांनीच खाल्लेली असतात, म्हणून बहुतेक वेळा तू त्यातच सापडतेस.

दवाखान्याच्या वॉर्डातही हेच. एका दिवशी जाऊन हजर रुग्णांची यादी केली, तर दोन दिवसांत घरी गेलेले निसटतात आणि महिनाभर पडून असलेले हमखास यादीत येतात. शिवाय काहींचा मुक्काम अजून संपलेलाच नसतो. अशा यादीतून खरा सरासरी मुक्काम कसा काढायचा, यावर माझं काम आहे. त्यातल्या एका गणिती असमानतेपाशी (अमुक राशी तमुकपेक्षा मोठी नसते, अशा विधानापाशी) मी सात महिने अडले होते. चुकलेले कागद खोक्यात जपून ठेवलेत, कारण त्यातल्याच एका वाटेने दुसरा निकाल हाती आला. सूत्र पुस्तकात असतं गं, पण माहिती अशी वेडीवाकडी गोळा झाली की ते टिकतं का, हे नव्याने सिद्ध करावं लागतं.

संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९६५ साली अशा वेडीवाकड्या माहितीचे सगळे प्रकार एका चौकटीत मांडले. आणि आपल्या पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग १९५३ साली वसंत हुजूरबाजारांनी उभा केला, केंब्रिजला संभाव्यतेवर काम करणाऱ्या हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे पीएचडी करून आलेले. एवढं मोठं काम तुझ्या घराजवळ झालंय.

एक कर. वर्गात प्रत्येकाला विचार, घरी तुझ्यासकट भावंडं किती?

तन्वी_टीवाय
विचारलं मॅडम. ४१ जण, सरासरी २.१. पण आई म्हणते, आमच्या सोसायटीत एकुलती मुलंच जास्त. आकडा फुगलाय का?

फळ्यापाशी
फुगलाय. १, २ आणि ३ मुलांची तीन घरं घे. घरटी सरासरी २. मुलांना विचारलंस तर उत्तरं येतील १, २, २, ३, ३, ३, म्हणजे सरासरी २.३३. तीन मुलांचं घर तीनदा मोजलं गेलं. आता प्रत्येक उत्तराचा व्यस्त (१ भागिले ते उत्तर) घेऊन बेरीज कर, ३ येईल. उत्तरं एकूण सहा, त्या सहाला तीनने भाग, आले २. तुझ्या ४१ उत्तरांवर हेच करून बघ. ज्या घरात मूलच नाही, ते मात्र यात कधीच येणार नाही. ते का, हे आजींना तूच समजावून सांग.